नागुबाईच्या झोपेचा पुरावा

मुरुडच्या नागुबाईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, हे साऱ्या गल्लीला पाठ होतं. विश्वास मात्र कुणाचाच नव्हता. बसणार कसा? बाई दिवसभर पायांवर उभी. भाकऱ्या, गुरं, शेतावरचा डबा, वर कुणाकडे लग्न निघालं की पुरण शिजवायला हीच पुढे. नवरा हणमंतराव तर चारचौघांत सांगायचे, "झोप न्हाई म्हणती, अन् कवाबी बघावं तर ओंडक्यावानी पडलेली!" नागुबाईचा जीव जळायचा. एकदा कुणीतरी आपलं खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून सून तनुजाने लातूरहून झोप मोजणारं घड्याळ आणलं, तेव्हा बाई नव्या नवरीसारखी हरखली. "आता कळंल म्हणावं एकेकाला!"

सकाळी सगळं घर तनुजाच्या मोबाइलभोवती गोळा झालं. आणि घड्याळाने घात केला! झोप सात तास, तीही गाढ. हणमंतरावांनी मांडीवर थाप मारली. "हातच्या काकणाला आरसा कशाला!"

नागुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मेलं यंत्रबी ह्यांच्याच बाजूचं," म्हणत ती पट्टा सोडू लागली, तोच तनुजा ओरडली, "थांबा आत्याबाई, काढू नका!"

मनगटभर हिरवा चुडा, अन् चुड्यावर घड्याळ! सवाष्णीने हात रिकामा कसा करायचा, म्हणून बाईने पट्टा काकणांवरूनच बांधला होता. घड्याळ कातडीला टेकलंच नव्हतं. नाडी सापडेना, तेव्हा ते बिचारं नुसती हालचाल बघत बसलं. आणि नवऱ्याची झोपमोड नको म्हणून नागुबाई रात्रभर कूससुद्धा बदलत नसे! तनुजाने काकणं जरा पुढे सारली, त्यांच्या मागे कातडीला लागून पट्टा नीट आवळला.

दुसऱ्या सकाळी हणमंतरावांनी धार काढायचीसुद्धा लांबवली. तनुजाचा आवाज चढत गेला. "जागं... परत जागं... अहो, झोप सगळी मिळून दोन तास, तीबी तुकड्या-तुकड्यांची!"

"बघा! म्हणलं न्हवतं का मी?" नागुबाई धावतच ओट्यावर गेली अन् समोरच्या घरातल्या मलिकाला हाक मारली, "अगं ये की, मला खरंच झोप न्हाई!" झोप नसल्याचा एवढा आनंद मुरुडात कुणाला झाला नसेल.

ती हसत-हसत आत आली, तर हणमंतराव अजून मोबाइलकडेच बघत होते.

"एवढी रात्र जागून करतीस तरी काय गं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती तिथेच खाली बसली.

"तुमचा श्वास ऐकती. करोनात दवाखान्यातून घरी आणलं, तवापासनं."

हणमंतरावांनी मोबाइल सुनेच्या हातात दिला. म्हणाले, "तनुजा, लातूरची एसटी कवा हाय? हिला डाक्टरला दाखवून आणतो."