सदर जागा रिकामी आहे

अख्ख्या नाशकात महापालिकेवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. लोक पालिकेला शिव्या घालतात, हे तिला अर्ज लिहितात. द्वारकेच्या सिग्नलवरचे आकडे मराठीत दिसावेत, म्हणून अर्ज. बागेतल्या ‘फुलं तोडू नका’ या पाटीवरचा अनुस्वार पावसाने पुसला, तेव्हाही अर्ज. का, तर आता एकच फूल तोडायची बंदी राहिली, बाकीच्यांना मोकळीक झाली! पालिकेचं उत्तर आलं की मामा त्या उत्तराला उत्तर देतात. आवक-जावकच्या खिडकीतल्या बाई आता त्यांना आधी गुडघा कसा आहे ते विचारतात आणि मग शिक्का मारतात.

या नादात त्यांची बोलायची भाषाही सरकारी झाली आहे. “सदर पोह्यांत मीठ कमी आहे,” असं ते मामींना सांगतात. “तीन प्रतींत लिहून द्या, मग बघते,” असं मामी ओट्यापासूनच ऐकवतात. स्कूटर लावायची म्हणजे तर सोहळाच! लावून झाली की दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते बघायचं, मग पुन्हा हलवायची. एका लग्नाला मी त्यांच्या मागे बसून गेलो होतो. आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा वाढपी स्वतः जेवायला बसले होते.

तर अशा माणसाने इंदिरानगरातल्या आपल्या रस्त्यावर दुचाकींसाठी पांढरे पट्टे मागावेत, यात नवल नव्हतं. औषधाच्या दुकानापासून कडुलिंबापर्यंतची जागा त्यांनी स्वतः मोजली. टेपचं दुसरं टोक धरायला अर्थातच मी. अर्जात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘सदर जागा रिकामी आहे.’ आणि काय सांगू, अर्ज मंजूर झाला! कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अशी नोटीस कडुलिंबाशेजारच्या विजेच्या खांबावर लागली. मामांनी बिल्डिंगभर पेढे वाटले आणि मला ती नोटीस दाखवायला घेऊन गेले.

नोटिशीच्या खाली, कडुलिंबाला पाठ लावून हिराबाई बसली होती. ही फुलवाली. रोज सकाळी गावाकडून झेंडू, शेवंती घेऊन येते, आणि मामा देवपूजेची फुलं वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घेतात! पण आम्ही मोजलं होतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी झेंडू विकून दमलेल्या फुलवाल्या त्या दिवशी येतच नाहीत. टोपली नव्हती, पोतं नव्हतं, हिराबाई नव्हती. आणि मामांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा टेपवर विश्वास जास्त.

“बाबा, वाचा बरं काय लिव्हलंय,” हिराबाई म्हणाली. “समदे म्हणत्यात, हितून उठावं लागंल.”

मामांनी सगळी नोटीस वाचली. अर्जदाराच्या नावापाशी त्यांचा आवाज बसला.

“म्हंजी तुमीच?”

“हो. मीच.”

“माझी सासू बसायची हितं. गाड्यांना जागा हाय, मला नाय?”

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. “अर्ज मागे घ्या की,” मी म्हणालो. “मंजूर झालेला अर्ज मागे कसा घेणार, जावईबापू?” ते म्हणाले. “हरकत मात्र घेता येते.” आणि या गृहस्थाने स्वतःच्या अर्जावर स्वतःच हरकत घेतली, तीही तीन प्रतींत.

सुनावणीला मी सोबत होतो. टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या, एक अर्जदाराची, एक हरकतदाराची. मामा हरकतदाराच्या खुर्चीत बसले आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची हकीकत त्यांनी खणखणीत आवाजात सांगितली. साहेब भले होते. हसू दाबत म्हणाले, “अहो, पण अर्जदाराचं म्हणणंही मला ऐकावं लागेल.” मामा उठले, शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, “अर्जदार चुकला, साहेब.”

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी दोन्ही म्हणणी लिहून घेतली.

पट्टे आले, पण कडुलिंबाच्या सहा फूट अलीकडेच थांबले. हिराबाई आहे तिथेच आहे. कोणा देवमाणसाने आपली जागा वाचवली, एवढंच तिच्या कानावर आलंय. मामांशी मात्र ती बोलत नाही. पूर्वी पुडीत वरून चार दूर्वा टाकायची, त्याही बंद झाल्या. परवा मला राहवलं नाही. “अगं, तो देवमाणूस...” म्हणून मी तोंड उघडलं, तोच मामांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“असू द्या,” ते हळूच म्हणाले. “तिचा राग रास्त आहे.”

हिराबाई पुढच्या गिऱ्हाइकाशी हसून बोलायला लागली. मामा पुडी हातात धरून थोडा वेळ तिथेच उभे राहिले.