थांबलेला हात

लिहिणाऱ्याचा हात मध्येच थांबला, तर ती सांगणाऱ्याला केलेली मदत ठरते का? विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने ह्या प्रश्नावर एक अख्खी बैठक घालवली आणि उत्तर न देताच निर्णय दिला. प्रस्तुत लेखकालाही ते उत्तर सापडलेले नाही. तेव्हा घडले ते घडले तसे मांडणे, एवढेच हातात उरते.

ज्यांचा हात थांबला त्या बाई विद्यापीठाच्या आवक-जावक कक्षात होत्या. आलेल्या टपालावर शिक्का उठवायचा, जाणाऱ्या टपालावर क्रमांक घालायचा आणि दुपारनंतर कुलसचिवांच्या कचेरीतून कुणी ना कुणी 'माझं पाकीट कुठे अडकलं' असे विचारत आले की शांतपणे ते त्याच्याच टेबलावर असल्याचे सांगायचे, असे त्यांचे काम. शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबलेले. अक्षर मात्र असे की मानपत्रे लिहायची वेळ आली की बोलावणे त्यांनाच. त्या अक्षरापायीच परीक्षा विभागाने त्यांना लेखनिक नेमले. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात चालत नाही, अशा विद्यार्थ्यांनी तोंडाने सांगायचे आणि लेखनिकाने उतरवायचे. त्याचे नियम कडक होते. लेखनिकाचे शिक्षण उमेदवाराहून कमी असावे, परीक्षेचा विषय त्याला येत नसावा, सांगितलेले जसेच्या तसे लिहावे आणि शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे मदत करू नये. बाई सगळ्या कसोट्यांना उतरल्या. 'न शिकल्याबद्दल निवड झालेली ह्या विद्यापीठात मी एकटीच,' असे त्यांनी घरी सांगितले, तेव्हा सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे त्यांचे यजमान म्हणाले, की मग ते नेमणुकीचे पत्र चौकट करून दुकानात लावू या.

हसण्यावारी नेले तरी बाईंनी ते काम डोळ्यांत तेल घालून केले. लिहिताना चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, हे त्यांनी आपल्यापुरते ठरवून टाकले होते. एका उमेदवाराने इतिहासाच्या पेपरात एकाच राजाला दोन वेगवेगळ्या लढायांत मारले. बाईंनी त्याला दोन्ही वेळा मुकाट्याने मरू दिले. परीक्षा विभागात त्यांचे नाव लेखनिकबाई पडले आणि पुढे सगळीकडे तेच चालू झाले.

अशात विद्यापीठाबाहेरच्या एका लाँड्रीवाल्याची मुलगी बी. ए.ला भूगोल घेऊन आली. लहानपणीच्या दुखण्यात तिची दृष्टी गेली होती. जिला नकाशा दिसत नाही तिने भूगोल का घ्यावा, असे म्हणत विभागातल्या काहींनी नाक मुरडले. पण नकाशाच्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न देण्याची सोय नियमांतच होती आणि ती मुलगी नियम तोंडपाठ करूनच आली होती. सांगण्याची तिची तऱ्हा हुकमी. 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद', 'हे अधोरेखित', असे सोडत जायची. बाई तिला 'सरकार' म्हणू लागल्या. ती बाईंना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत असे.

पहिल्याच पेपरानंतर तिने एक तक्रार केली. मावशींचे पेन वाजत नाही, त्या कुठवर आल्या ते तिला कळत नाही, मग ती एक तर घाई करते नाही तर उगाच खोळंबते. बाईंनी यजमानांचे जुने शाईचे पेन काढले. त्याचे टोक कागदावर खरखर करी. ती खरखर ऐकत मुलगी आपल्या सांगण्याचा वेग राखू लागली आणि दोघींचे असे काही जमले की पर्यवेक्षकही, एक बोलते आहे आणि दुसरी लिहिते आहे हे विसरून खिडकीबाहेर बघत बसत.

मुलीला आणखी एक खोड होती. उत्तर सांगण्यापूर्वी ती ते स्वतःशी बोलून बघे आणि त्याआधी बजावे, 'हे लिहू नका'. दुसऱ्या वर्षी नदीच्या वळणाचा प्रश्न आला तेव्हा अशीच ती पुटपुटली होती, की तास सुटल्यावर गर्दी व्हरांड्याच्या कोपऱ्यावर वळते ना, तेव्हा बाहेरच्या अंगाचे लोक जोरात जातात आणि भिंतीला घासतात, आतल्या अंगाचे रेंगाळतात, तसेच पाण्याचे. म्हणून बाहेरचा काठ झिजतो आणि आतल्या काठाला गाळ साचतो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते लिहिले नाही. पण त्यानंतर व्हरांड्यातून जाताना कोपरा आला की त्यांना नदी आठवे. टपालावर शिक्के मारता मारता त्यांना असेच कितीतरी आठवू लागले होते. वारा कुठून का सुटतो, डोंगराच्या एका अंगाला पाऊस का आणि दुसऱ्या अंगाला का नाही. आपल्याला काही येऊ लागले आहे, अशी शंका मात्र त्यांना कधी आली नाही.

शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या पेपरात वळणाचा प्रश्न पुन्हा आला. मुलगी थकली होती. ह्या वेळी ती स्वतःशी काही बोलली नाही, थेट सांगू लागली: वळणावर नदीच्या आतल्या काठाची झीज होते, स्वल्पविराम, आणि बाहेरच्या…

खरखर थांबली.

एखाद्या स्वल्पविरामाएवढीच थांबली असेल. बाईंनी मान वर केली नाही, श्वासही बदलला नाही. पुढच्या क्षणी हात चालू झाला आणि 'बाहेरच्या' हा शब्द उमटला. पण मुलीची मान किंचित कलली. मग ती म्हणाली, "ते वाक्य खोडा, मावशी," आणि बरोबर उत्तर सलग सांगून गेली. पर्यवेक्षकाच्या हे गावीही नव्हते.

पेपर संपल्यावर लेखनिकाने एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची असे: उमेदवाराला कोणत्याही प्रकारे मदत केलेली नाही. ह्या सहीवाचून उत्तरपत्रिका तपासायला जात नसे. आणि हा पेपर हुकला तर मुलीचे अख्खे वर्ष हुकणार होते, एम. ए.ची जागा पहिल्या वर्गावर होती आणि तिने सगळी भिस्त त्या जागेवर ठेवली होती. बाई सहीच्या जागेवर पेन टेकवून बसल्या. मग कागद तसाच घेऊन उठल्या आणि वडिलांची वाट बघत व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या मुलीजवळ गेल्या.

"झाली का सही?" पावले ओळखून मुलीने विचारले.

"नाही. सरकार, एक सांग. ते वाक्य का खोडलंस?"

"तुमचं पेन थांबलं म्हणून."

"तुझं तुला सुचलंच असतं की."

"असतंही, नसतंही. आता ते कसं कळणार, मावशी?"

बाई तिच्या शेजारी बसल्या. काय करू, असे त्यांनी विचारले, आणि विचारल्याबरोबर हे ह्या पोरीला विचारायला नको होते, असेही त्यांना वाटले. मुलीने बोटांनी बाकाची कड चाचपली.

"करा असं मी सांगणार नाही. करू नका असंही नाही," ती म्हणाली. "मी सांगते आणि तुम्ही लिहिता, हे पेपरापुरतं."

परीक्षा नियंत्रक माणूस मायाळू, पण लांबण लागली की कासावीस होणारा. त्यांनी सगळे ऐकून घेतले. कुणाची तक्रार आहे का, कुणी पाहिले का, पर्यवेक्षक काही म्हणाले का, असे एकेक विचारले आणि सगळ्याच प्रश्नांना 'नाही' असे उत्तर मिळाल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी सही करून मोकळे व्हावे, असे त्यांनी सुचवले.

"ह्यात 'कोणत्याही प्रकारे' असं लिहिलंय, साहेब."

"अहो बाई, पेन थांबणं हा काय प्रकार झाला?"

"तुमच्यासाठी नसेल. त्या पोरीसाठी आहे."

नियंत्रकांनी चष्मा काढून पुसला. अखेर त्यांच्याच सांगण्यावरून बाईंनी छापील मजकुराखाली एक ओळ लिहिली, की वळणाच्या प्रश्नात उत्तर चुकत असताना माझा हात थांबला, आणि तिच्याखाली सही केली. प्रकरण मंडळापुढे गेले.

मंडळाने मुलीलाही बोलावले. ती तयारीने आली होती. तिचे म्हणणे सरळ होते. लेखनिकबाईंना भूगोल कुणी शिकवला? कुणीच नाही. जे त्यांना ठाऊक आहे ते गेल्या काही वर्षांत तिनेच त्यांच्यासमोर उच्चारलेले. तेव्हा त्या दिवशी तिला मिळाले ते तिचेच होते, फक्त मावशींकडे राहिलेले. सभासदांपैकी काहींनी माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी मात्र हळूच विचारले, की स्वतःच्या हाताने काढलेल्या टिपणांची वहीसुद्धा विद्यार्थ्याचीच असते, ती आपण परीक्षेच्या खोलीत नेऊ देतो का? "नाही, सर," मुलगी म्हणाली, आणि बाहेर दाराशी उभ्या असलेल्या बाईंना ते ऐकू आले.

तेवढे एक उत्तर हिशेबात धरू नये, बाकीचा पेपर तपासावा, कुणावरही ठपका नाही, असे ठरले. निकाल लागला तेव्हा मुलीचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता.

त्या आठवड्यात बाईंना जेवण गोड लागले नाही. सही ठोकली असती तर काय बिघडत होते, असे त्या स्वतःला विचारत आणि लगेच स्वतःच नको म्हणत. मग एके दिवशी यजमान चाकाचे पंक्चर काढता काढता म्हणाले, की ब्रेक लागला म्हणून सायकलीवर रागावणारे गिऱ्हाईक त्यांनी अजून पाहिलेले नाही. बाईंना हसू आले नाही, पण त्या दिवशी त्या जेवल्या.

आणि मग एका सकाळी मुलगी वडिलांचा हात धरून आवक-जावक कक्षात आली. वडील इस्त्रीचे गठ्ठे पोचवायला पुढे गेले. बाईंनी खुर्ची पुढे केली आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवला. मुलीने सांगितले, की श्रेणी सुधारण्यासाठी तेवढा एक पेपर पुन्हा देता येतो. तसा नियम आहे. तिने अर्ज केला आहे.

"कधी आहे?" बाई झटकन म्हणाल्या. "तारीख सांगून ठेव, मी कक्षात सांगते."

मुलीने टेबलावरून हात सरकवत बाईंचा उजवा हात शोधला आणि मधल्या बोटावर, पेन टेकून टेकून जिथे घट्टा पडला होता, तिथे आपला अंगठा ठेवला.

"तुम्हाला नाही चालायचं, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला आता भूगोल येतो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. न शिकलेली म्हणून निवडलेल्या बाईला आयुष्यात प्रथमच कुणी, नापास करावे तसे, पास केले होते. शिक्का मारायचे टपाल समोर तसेच पडले होते. कक्षातल्या दुसऱ्या कारकुनाने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपत, काही नाही, निकाल लागला, एवढेच सांगितले.

तो पेपर पुढे एका ग्रंथालय परिचराने लिहिला, आणि मुलीला एम. ए.ची जागा त्याच्या पुढच्या वर्षी मिळाली. लेखनिकबाई २०१४ च्या मे महिन्यात सेवानिवृत्त झाल्या. तोवर त्यांनी पुष्कळ उमेदवारांचे पेपर लिहिले, त्यांत भूगोलाचा एकही नव्हता.