विलायतेला पाठवलेला महजर

चहा घ्या, पण कप जरा जपून धरा, सांडेल. मी विलायतेला जाऊन आलोय हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ओव्हरकोटातला तो फोटो येता-जाता दिसतोच भिंतीवर. पण मी गेलो कसा, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय त्यात! आधी मी एका देवमाणसाचं विलायतेला जाणं बुडवलं. आणि तेही त्याची निंदा करून नाही हो, स्तुती करून! आता बोला.

निजामी अंमलातली गोष्ट. मी टेंभुर्णीच्या शाळेत हेडमास्तर होतो आणि माझ्या हाताखाली दिगंबरराव मास्तर होते. हाताखाली आपलं कागदोपत्री म्हणायचं. मनातून मीच त्यांच्या हाताखाली होतो. गावातल्याच शेतकरी घरातला माणूस, औरंगाबादेत शिकून परत आलेला, आणि वेड एकच. दगड!

कुठं विहिरीला सुरुंग लागला असं कळलं की शाळा सुटताच दिगंबरराव तिकडं. फुटलेल्या काळ्या पाषाणाच्या पोटातून असे काही स्फटिक काढायचे, की बघत राहावं. काही खडीसाखरेसारखे, काही हिरवट, काही नुसता सुयांचा जुडगा. मी एकदा विचारलं, "दिगंबरराव, याची अंगठी होईल का हो?"

"हेडमास्तर, हे घडवायला जमिनीनं काय काय केलं असंल, अन् तुमी डायरेक बोटावरच आले!"

दगड बघता बघता त्यांना पाणीही कळायला लागलं. गेरूचा तांबडा थर कुठल्या शिवारात किती खोल आहे आणि पाणी त्याच्यावर कसं अडतं, हे ते उभ्या उभ्या सांगायचे. "हितं नका खंदू, त्या बांधाजवळ खंदा." खंदलं की पाणी! बदल्यात पैसा नाही, काही नाही. विहिरीतून निघालेले दगड तेवढे मागायचे. शेतकऱ्याला पाणी आणि मास्तरला दगड! असा सौदा करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी त्यांच्या मागं मागं फिरायचो. माझं काम एकच. ते सांगतील तसं मोडीत चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी दगडाला चिकटवायची. कुठला गाव, कुणाची विहीर, किती खोल. मोडी मी अशी झरझर लिहायचो की बिलकुल हात उचलायचो नाही. त्याचा मला फार अभिमान. हा अभिमान जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर एका हिवाळ्यात एक विलायती प्रोफेसर अजिंठ्याला जाताना रस्ता चुकले. मोटार आमच्या शाळेपुढं थांबली. आत पाणी घालायचं होतं, म्हणून साहेब बादली मागायला वर्गात आले. तिथं कपाटात दिगंबररावांचे दगड! साहेब मोटार विसरले, पाणी विसरले, अजिंठा विसरले. दिवस मावळेपर्यंत जमिनीवर मांडी घालून बसले. आणि निघाले तेही विहिरी न्याहाळतच.

काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. तिकडची एक संस्था दरवर्षी परमुलखातल्या एका संशोधकाला शिष्यवृत्ती द्यायची. वर्षभर विद्यापीठात पाहुणा म्हणून राहायचं आणि आपलं काम करायचं. जहाजाचा खर्चा त्यांचा. दिगंबररावांनी अर्ज करावा, सोबत कामाची माहिती जोडावी, आणि त्यांना ओळखणाऱ्या दोन जाणत्या माणसांचं मत पाठवावं.

दिगंबररावांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग पुन्हा काढलं. "हेडमास्तर, तिकडं म्हणं असं यंत्र हाय, दगड कागदावानी पातळ घासून त्याच्याखाली धरला की आतलं समदं दिसतं. बाहेरून तर लई बघितला दगड. एक डाव आतून बघायचाय मला."

या माणसानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं हो! मी तिथल्या तिथं ठरवलं, दिगंबररावांना जहाजात बसवूनच दम घ्यायचा.

पण दोन माणसांचं मत? दोनच? एवढ्या मोठ्या माणसाला?

मी तडक तात्या पाटलांकडं गेलो. तात्या आमच्या गावचे पाटील, मोठ्या मनाचा माणूस आणि त्याहून मोठ्या आवाजाचा.

"दोघाचं काय घिऊन बसले हेडमास्तर? महजर करू की महजर!"

महजर म्हणजे साऱ्या गावानं सह्या-अंगठे करून सरकारात द्यायचा कागद. आमच्या मुलखात कागदाचं वजन सह्यांवर ठरायचं. महजर आला की तहसीलदारसाहेबसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसायचे. मग विलायतेचा साहेब काय वेगळा असणार? मला तर ही युक्ती स्वतःला कशी सुचली नाही याचंच वाईट वाटलं!

लिहायला मुन्शी करीममियांना बोलावलं. त्यांनी लेखणी शाईत बुडवली आणि पहिल्यांदाच बजावलं, "देखो हेडमास्तर साब, तारीफ में कंजूसी नक्को. दर्या है तो दर्याच लिखेंगे, डबकं कायको लिखना?"

चावडीत ही गर्दी!

"लिवा, मास्तर नसते तर माही हिर कोरडी राह्यली असती!"

"माहं बी लिवा! मास्तर एक दिस दिसले न्हाई तर आमच्या म्हातारीला घास जात न्हाई."

मी म्हटलं, "अरे, तुझ्या म्हातारीचा आणि दगडांचा काय संबंध?"

"संबंध कशाला पायजे हेडमास्तर? तारीफच करायची ना?"

बातमी फुटली तशी शेजारच्या गावांतूनही माणसं यायला लागली. कुणी बैलगाडीतून, कुणी पायी. मास्तर गेले तर आमच्या शिवारात पाणी कोण दावील, एवढं लिहून घ्यायचं आणि अंगठा उठवायचा. करीममियांना शब्द पुरेनात. ते मधेच डोळे मिटून बसायचे आणि एखादा खासा शब्द सापडला की स्वतःलाच शाबासकी द्यायचे. असा आठवडा गेला!

त्या सगळ्याचं इंग्रजी मी केलं. आणि माझ्या पदरची एक ओळ घातली: "या माणसावाचून आमचं गाव एक दिवसही चालणार नाही." ही ओळ मला इतकी आवडली, की ती मी आरंभीही घातली आणि शेवटीही घातली.

दिगंबररावांनी ते सगळं वाचलं आणि डोकं खाजवलं. "हेडमास्तर, त्यांनी दोघाचंच मत मागितलंय ना? अन् मला तर जायचंय. हे वाचून मलाच वाटून राह्यलं की आपुन जाऊ नये."

ऐकलंत? त्याच वेळी त्या माणसानं नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं! आणि मी काय म्हणालो असेन?

"दिगंबरराव, दगडातलं तुम्हाला कळतं. कागदातलं मला कळतं."

कागदाला कागद चिकटवून महजराची जन्मपत्रिकेसारखी गुंडाळी झाली. तिला लाल नाडा बांधला, हार घातला, आणि दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसवून वाजतगाजत नवीन जालन्याच्या डाकेत नेलं. मुलीची पाठवणीही एवढ्या थाटात होत नाही.

मग उत्तर आलं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पाकीट घरी फोडलं असतं. मी गाव जमवलं! हलगीवाला बोलावला, पेढे आधीच वाटले, आणि चावडीवर उभा राहून पाकीट फोडलं. मोठ्यानं वाचत गेलो आणि मराठी करत गेलो.

"तुमच्या गावाचं प्रेम बघून आम्ही सगळे भारावून गेलो..." गावानं टाळ्या वाजवल्या. "असा माणूस लाभणारं गाव धन्य आहे..." पुन्हा टाळ्या. "मात्र, ज्या माणसावाचून गाव एक दिवसही चालत नाही, त्याला वर्षभर तिथून हलवणं आमच्या मनाला पटत नाही. त्यांनी आपल्या माणसांतच राहावं."

शिष्यवृत्ती दुसऱ्याच कुणाला मिळाली होती. त्याच्या वरिष्ठानं म्हणे एवढंच कळवलं होतं, की हे वर्षभर नसले तरी आमची काही अडचण नाही.

मग तात्या पाटील हळूच म्हणाले, "म्हंजी, मास्तर जात न्हाई?"

"नाही."

"वाहवा! साहेब लई समजदार मानूस हाय! वाजव रे हलगी!"

आणि हलगी वाजली हो! माणसं नाचायला लागली. कुणीतरी दिगंबररावांच्या हातात पेढा ठेवला. तो पेढा त्यांनी खाल्लाही नाही आणि खालीही ठेवला नाही. नुसते उभे. मला जमीन दुभंगावी असं झालं. मी जवळ गेलो.

तेच म्हणाले, "जाऊ द्या हेडमास्तर. एवढी मानसं आपल्यासाठी नाचून राह्यली, हे बी कुटं मिळतं?"

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि त्याची एकुलती एक इच्छा मी हारतुऱ्यांसकट बुडवली होती.

पत्राच्या तळाशी प्रोफेसर साहेबांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. आणि हेडमास्तरांनी कृपया कमी लिहावं.

पुढच्या वर्षी आमच्या घरच्यांनीच, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनीच, सूत्रं हातात घेतली. "अहो, एकच ओळ लिहा. आधी मराठीत लिहा, अन् मला दाखवा." मी लिहिलं: "दिगंबरराव वर्षभर इथं नसले तरी आम्ही कसंबसं भागवू."

"कसंबसं काढा."

काढलं. ती एक ओळ लिहायला मला जेवढा त्रास झाला, तेवढा त्या अख्ख्या महजराला झाला नव्हता. इतकं खोटं मी जन्मात लिहिलं नव्हतं.

गावाची समजूत मात्र दिगंबररावांनीच काढली, आणि कशी! भर उन्हाळ्यात डोक्याला पंचा बांधून ते शिवारन् शिवार फिरले. विहिरीची जागा दिसली की तिथं चुन्याची खूण करायचे आणि किती खोल जावं लागेल ते शेतकऱ्याकडून घोकून घ्यायचे. एकाही घराला नाही म्हटलं नाही. पार काळे पडले. शेवटी तात्यांचा मोठा आवाजसुद्धा बारीक झाला. "जा मास्तर. पन वापस या मातर."

आणि या खेपेला निवड झाली! नवीन जालन्याच्या स्टेशनावर अर्धं गाव रडत होतं. दगडांच्या पेट्या आगगाडीत चढवल्या, माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या. दिगंबरराव माझ्या पाया पडायला वाकले, तर मीच लहान पोरासारखा रडायला लागलो.

काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. "हेडमास्तर, बघितला आतून! आपल्या काळ्या दगडाच्या पोटात रांगोळी हाय, रांगोळी! रंग तर असे, की तात्यांच्या पटक्यात बी नसतील. पन एक अडचन हाय. तुमच्या चिठ्ठ्या हितं कुनालाच वाचता येईनात."

त्यात काय! मोडी विलायतेत कोण वाचणार? पण पुढं लिहिलं होतं, "मला बी येईनात. म्या दिव्याखाली धरल्या, उलट्या धरल्या, यंत्राखाली बी धरून बघितल्या."

तेव्हा प्रोफेसरांनी ठरवलं होतं, की ज्यानं हे लिहिलंय त्यालाच चार-सहा महिने बोलावून घ्यावं. संस्था खर्चा करायला तयार होती. म्हणजे लोक विलायतेला ज्ञान मिळवायला जातात, मी चाललो होतो स्वतःचंच अक्षर वाचायला! नियम मात्र तोच. ओळखणाऱ्या दोन माणसांचं मत पाहिजे.

तात्या म्हणाले, "बिलकुल फिकीर करू नका. आता आमाला समजलंय कसं लिवायचं ते. महजरच करून टाकतो."

मी घरी आलो, जेवलो, जरा आडवा झालो. उठून चावडीवर जातो तर काय, महजर तयार! करीममिया लेखणी पुसत बसले होते. त्यात लिहिलं होतं: "हेडमास्तरांचा आमच्या गावाला काडीचा उपयोग नाही. शाळा त्यांच्यावाचून आजही चालते. जरूर न्यावं. जास्त दिवस ठेवून घेतलं तरी गावाची हरकत नाही." खाली सह्या आणि अंगठे, आणि अगदी तळाशी एक ओळखीची सही. आमच्या घरच्यांची! मीच शिकवली होती हो ती सही.

त्या कागदाचं इंग्रजीही मलाच करावं लागलं. संस्थेनं होकार कळवायला मुळीच वेळ लावला नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनावर एकटे तात्या आले होते. मला राहवेना. म्हटलं, "तात्या, तुम्ही हे माझ्या भल्यासाठी लिहिलंत ते मला कळतं. पण खरं सांगा, दिगंबररावांच्या महजराला आठवडा लागला, आणि माझा एका दुपारीत कसा उरकला?"

तात्यांनी माझी ट्रंक डब्यात ढकलली आणि पटका सारखा केला.

"त्याचं काय हाय हेडमास्तर, मास्तरच्या टायमाला काय काय लिवावं ह्याचा लई इचार पडल्ता. तुमच्या टायमाला कुनाला इचारच करा लागला न्हाई."