बंद तारेवर हात ठेवण्याआधी

दुपारी जेवण होऊन डोळा लागता लागता मला अजून एक आवाज ऐकू येतो. भिंतीपलीकडं कुणीतरी जातं ओढतंय आणि दळण काही संपत नाही, असा. पैठण रस्त्यावर चितेगावच्या अलीकडं आमचं सबस्टेशन होतं. तिथल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा तो आवाज. नोकरीवर हजर व्हायला गेलो त्या दिवशी तो ऐकून मी फाटकातच थबकलो होतो. शाळेतल्या साऱ्या कविता तोंडपाठ, मराठीचा मास्तर व्हायचं मनात, आणि नेमणूक झाली ऑपरेटर म्हणून!

तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "भिऊ नका. तो बोलतोय तवर बरंय. गप झाला की भ्या."

हे रामकिसन वाघचौरे. आम्हा सर्वांचे रामकिसनदादा. येत्या महिन्यात ते वयाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण करीत आहेत, आणि या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्याविषयी लिहायला सांगितलं आहे. आठवणी पुष्कळ आहेत. त्यांतली एक मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगण्याचा मला अधिकार नाही, हे कागद पुढं ओढल्यावर ध्यानात आलं.

दादांचा जन्म अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांचा. घर शेतकऱ्याचं, उजेड कंदिलाचा. गावात वीज आली तेव्हा पहिला दिवा पाहायला सगळं गाव लोटलं होतं. दादा तेवढे दिव्याकडं पाठ करून खांबाकडं बघत उभे होते, असं त्यांच्या मातोश्री सांगत. पुढं ते लाइनमन झाले आणि मी आलो तेव्हा आमच्या लाइनवरच्या टोळीचे मुकादम होते.

पुस्तकातला व्होल्टेज मला पाठ होता, कळला नव्हता. एका सकाळी अकरा हजारांच्या उघड्या तारेवर साळुंकी येऊन बसली. मी डोळेच मिटून घेतले. दादा हसले.

"कवी," ते म्हणाले. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझं हे नाव ठेवलं होतं. "एकट्या तारेत काय नसतं. व्होल्टेज दोघांमधी असतो. ही तार अन् तुझ्या पायाखालची माती, यांच्यात वैर किती, तेवढा व्होल्टेज. साळुंकीचे दोन्ही पाय एकाच तारेवर. तिचं कुणाशी वैरच नाय. तू मातीवर उभा राहून हात लावशील, तर त्या दोघींचं भांडण तुझ्या अंगातून जाईल."

इतकी वर्षं झाली, पण याहून सोपं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

मात्र दादांना धाक होता तो जिवंत तारेचा नव्हे, बंद तारेचा. आमची एक लाइन दोन-तीन शेतं मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारांच्या बरोबरीनं जायची. एकदा ती कामासाठी बंद केली होती. मी स्वतः ब्रेकर उघडून वीज तोडली होती, दोन्ही टोकं तोडलेली होती. भर दुपार, वारा पडलेला, पाखरू नाही. दादांनी मला खांबाखाली नेलं आणि "ऐक" म्हणाले. बंद तार गुणगुणत होती. हलक्या आवाजात, एखादी बाई मूल निजल्यावरही झोका देत राहते ना, तशी. दादांनी काठीच्या टोकाला बांधलेली साखळी, जिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेलं होतं, ती तारेजवळ नेली. साखळी टेकण्याआधीच तारेतून एक बारीक निळी ठिणगी तिच्याकडं झेपावली.

"दादा, हिच्यात तर काहीच नाही!"

"शेजारणीचं वारं लागलंय. जित्या तारेशेजारी मेलेली तार उभी केली की तिच्यातबी जरा जीव येतो. म्हणून हात ठेवायच्या आधी तिला मातीशी बांधायचं. मग वैर सरतं."

तरी परतताना मी त्या खांबाला लांबून वळसा घालून गेलो. कारण समजलं म्हणून भीती जाते असं नाही.

दादांची एक रीत होती, ती कोणत्याही नियमावलीत नव्हती. काम संपलं की ते लाइनच्या तोंडाशी, सबस्टेशनच्या मागच्या कुंपणापाशी उभे राहून हाळी देत, "कोण हाऽऽय?" खांबाखांबावरून एकेक माणूस "हाय" म्हणायचा. दादा बोटं मिटत. बोटं जुळली की सगळ्यांना खाली बोलावून आपल्या पाठीशी उभं करत, साखळ्या काढून घेत, आणि पुन्हा एकदा तीच हाळी देत. या दुसऱ्या हाळीला कुणीच उत्तर द्यायचं नसे. रिकाम्या शेतांवरून नुसती शांतता परत आली, की मग माझ्याकडं वळून म्हणत, "घे रे कवी, लाइन." मी आत खिडकीपाशीच असे; मग ब्रेकरची मूठ ओढून लाइनमध्ये वीज सोडी. भोवतालच्या वस्त्यांवरच्या माणसांना, पोराबाळांनाही ही हाळी ठाऊक झाली होती.

आता ती गोष्ट.

चैत्र होता. चार माणसं लाइनवर गेली होती. काम झालं, पहिल्या हाळीला चार आवाज आले, चौघं उतरून दादांच्या मागं येऊन उभे राहिले. माझा हात ब्रेकरच्या मुठीवर. आमचे साहेब माझ्या शेजारीच उभे होते, कारण कारखान्यांचे फोन थांबत नव्हते. दादांनी दुसरी हाळी दिली.

"कोण हाऽऽय?"

आणि मक्याच्या पिकापलीकडून, लांबून, स्पष्ट उत्तर आलं. "हाय!"

चौघांनी एकमेकांची तोंडं पाहिली. एकानं छातीला हात लावला. दादांनी परत हाळी दिली, परत परत दिली. पुन्हा काही आवाज आला नाही.

"वाघचौरे, लाइन घ्या म्हणा," साहेब खिडकीतून ओरडले.

"माणूस हाय साहेब वर."

"चौघं तुमच्या मागं उभे आहेत! पाचवा कोण, वेताळ?"

"वेताळ आसंल तर त्यालाबी खाली उतरू द्या," दादा म्हणाले. मग माझ्याकडं बोट करून, "कवी, मी येस्तोवर मुठीवरचा हात काढ."

मी काढला. साहेबांनी दोनदा सांगूनही परत ठेवला नाही. आयुष्यात मी केलेलं हे एक बरं काम.

दादा ती अख्खी लाइन पायी फिरले. वारा नसताना मका सळसळत होता, असं बरोबरचे सांगत. एका विहिरीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबाखाली चपलांचा एक जोड मिळाला. माणूस नाही. दादांनी चपला उचलून त्यांच्याखालच्या मातीला तळवा लावला. माती भाजत होती. "आत्ताच काढल्यात," ते म्हणाले, "घटकाभर सावली मिळाली असती तर माती निवली असती." शेतमालकाला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्याकडं कोणी आलं नाय." लाइन दीड तास उशिरा सुरू झाली.

चौकशी लागली. चौघांपैकी दोघं म्हणाले, लक्ष नव्हतं. दोघं म्हणाले, प्रतिध्वनी असेल. चपला कुणाही गड्याच्या असतील, असा शेरा पडला. मग मला आत बोलावलं. साहेब समोर बसलेले. त्याच आठवड्यात माझी बदली लांब नांदेडकडं होणार अशी कुजबूज होती आणि घरी पत्नीला सातवा महिना होता.

"दुसऱ्या हाळीला तुम्हाला आवाज आला?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

संध्याकाळी दादा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "कवी, तुलाबी नाय ऐकू आला?" मी रजिस्टरात बघत नकाराची मान हलवली. ते "बरं" म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

दादांच्या सेवापुस्तकात ठपका आला. बढती मागं पडत गेली. त्याहून वाईट म्हणजे गंमत झाली. "दादा, आज पाचवा आलाय का ड्युटीवर?" "दादा, पाचव्याचा चहा सांगू का?" कँटीनमध्ये नव्या पोरांना ही गोष्ट सांगून हसवणं हा रिवाजच पडला. दादाही हसत. पण हाळीची रीत त्यांनी एक दिवससुद्धा मोडली नाही, आणि त्यांच्या हाताखाली एकही माणूस तारेवर दगावला नाही.

माझ्यावर त्यांनी राग धरला असेल, तर तो मला कधी दिसला नाही. त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. आम्ही गुलमंडीमागच्या गल्लीत राहत होतो. एका सांजेला आमच्या घरातला दिवा आपोआप पांढरा, आणखी पांढरा होत चालला, आणि समोरच्यांचा निखाऱ्यासारखा तांबडा होऊन विझायला आला. बायाबापड्या अंगणात येऊन रामरक्षा म्हणू लागल्या. मी दादांना निरोप पाठवला. ते तसेच, ताटावरून उठून, सायकलवर आले.

"न्यूट्रल तुटलीय, परतीची तार," वर बघून ते म्हणाले. "समोरच्या घरातला दाब तुझ्या घरात चाललाय. स्विच पाड आधी, पोरगं कुठंय तुझं?" पोराला त्यांनी स्वतः उचलून बाहेर आणलं आणि मगच खांबावर चढले. काम झाल्यावर चहाला थांबले. निघताना म्हणाले, "शाळेतली एखादी म्हण की. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." मी कविता म्हटली. म्हणताना मी दिव्याकडंच बघत राहिलो. त्यांनी कारण विचारलं नाही.

अशा माणसाचा सत्कार व्हावा म्हणून समिती त्यांच्याकडं गेली तेव्हा मीही सोबत होतो. दादांनी पाणी दिलं, सगळ्यांची चौकशी केली आणि नको म्हणाले.

"का हो दादा?"

"त्या दिवशी मला भासच झाला असंल," ते म्हणाले. "एवढी माणसं सांगतात, माणसाचा आवाज कुणालाच ऐकू नाय आला. मी आयुष्यभर कानावर भरोसा ठेवून माणसं तारेवर चढवली. कानच खोटे असतील तर दैवानं वाचली ती सगळी. मग शाल कशाची घालता?"

हे ऐकून मी उठून ओसरीवर गेलो. ज्या कानांनी माणसं जपली, त्यांच्यावरचा भरवसा पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांना सोडून चालला होता, आणि तो मी घालवला होता.

म्हणून या ग्रंथात, सर्वांसमक्ष लिहितो. त्या दिवशी दुसऱ्या हाळीला उत्तर आलं. मी खिडकीत होतो, मला ते स्वच्छ ऐकू आलं. रामकिसनदादांचे कान खरे होते, आणि चौकशीत मी खोटं बोललो. छापण्याआधी हा मजकूर मी स्वतः त्यांना वाचून दाखवणार आहे. ते सत्काराला येवोत न येवोत, मला क्षमा करोत न करोत. तो अधिकार त्यांचा आहे.

दादांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, जे त्यांनी आमच्यासाठी खांबांवर झिजवले, त्यांना आराम पडो. त्यांच्या घरातला दिवा भडकू नये, मंदावूही नये. आणि शंभराव्या वर्षी लिहायला माझ्याहून धीट माणूस त्यांना मिळो.

इथं लेख संपवून मी सही केली होती. आता पुढचं लिहितोय ते संपादकांनी गाळू नये.

सही वाळते न वाळते तोच दार वाजलं. सूनबाई आत येऊन म्हणाल्या, "बाबा, सिल्लोडहून कुणी आजोबा आलेत. बसत नाहीत, उभेच आहेत."

बाहेर आलो. पांढरी दाढी, हातात काठी, माझ्याहून चार वर्षांनी थोरले असतील. मी ओळखलं नाही.

"सलाम. मी युसूफ. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं दुकान होतं माझं सिल्लोडला. नातू तुमच्या हापिसात नवा लागलाय. त्यानं परवा जेवताना हसत हसत एक किस्सा सांगितला, पाचव्याचा. घरात समदे हसले. माझ्या हातातला घास तसाच राहिला. तुमचा पत्ता त्यानंच काढून दिला."

मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"लाइन बंद दिसली म्हणून चोरून चढलो व्हतो, साब. विहिरीवाल्याचा फ्यूज टाकायला. हाळी आली, तोंडातून निघून गेलं. मग समजलं, पकडतील. उडी मारली अन् मक्यातून जे पळालो ते सासुरवाडीला, सिल्लोडला. परत या बाजूला आलो नाय. त्या दिवशी लाइन घेतली असती तर..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "वाघचौरेसाब हयात हैत ना?"

"आहेत."

"मग चला, मला न्या त्यांच्याकडं. त्यांनी विचारलं व्हतं, कोण हाय. नाव सांगायचं राहिलंय माझं."