कॉस्टरमंगरची लोटगाडी

लोणखेड्यात कॉलेजच्या रस्त्याला माझी पपईची लोटगाडी लागते. नवरा बागांतून माल आणतो, मी विकते. समोरच इंग्रजीचा क्लास आहे आणि माझी लेक त्याच क्लासात जाते.

तिथल्या सरांची शिकवायची रीत अजबच. स्पर्धेसाठी जुनेपुराणे शब्द पाठ करायचे, तेही घोळक्याने, ज्यांच्या शेवटी सारखीच अक्षरं येतात असे. तेव्हा ‘मंगर’चा घोळका चालू होता. मंगर म्हणजे विकणारा. फेलमंगर कातडी विकतो, कॉस्टरमंगर गाडीवर फळं विकतो, आणखी कसले कसले मंगर! यातले कितीक शब्द आता खुद्द इंग्रजही बोलत नाहीत म्हणे. मग आमच्या पोरांनी ते घोकून कुणाच्या बापाला हाक मारायची आहे?

लेक गाडीला टेकून घोकत बसायची. एकदा मी हसत म्हटलं, "मंग मी बी मंगरच शे ना वं?"

"मम्मी, अहिराणी नको ना बोलू. सर वर्गाबाहेर उभं करतात."

अगं, वर्गात बोललं तर उभं करतील, इथे गाडीपाशी कोण करतंय? पण पोरीने धास्तीच घेतली होती. हीच पोर लहानपणी गाडीवर बसून अशी आरोळी ठोकायची की रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायची. क्लास लागला आणि आरोळी बंद झाली. गिऱ्हाईक आलं की हिचं तोंड पुस्तकात. मैत्रीण दिसली की ही गाडीपासून लांब. उद्या ही मला ओळख तरी दाखवेल का, हा घोर माझ्या जिवाला लागला होता.

स्पर्धेत लेकीला बक्षीस मिळालं. क्लासाच्या बक्षीस समारंभाच्या सकाळी सर स्वतः गाडीपाशी आले. "ताई, आज प्रमुख पाहुणे येणार आहेत. गाडी जरा फाटकापासून लांब लावा. बरं दिसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीचा दिवस होता, म्हणून गिळलं. गाडी पार वळणावर नेऊन लावली आणि सगळ्यांत मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

लेकीने सगळे मंगर धडाधड म्हणून दाखवले. कॉस्टरमंगर आला तसा सरांनी माइक हातात घेतला. "म्हणजे बरं का, जुन्या लंडनमध्ये गाडीवर फळं विकणारा!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. लंडनच्या गाडीला टाळ्या, आणि माझी गाडी वळणावर! वा रे वा!

पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "बाळ, तुझी आई काय करते?"

लेकीने सरांकडे बघितलं. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात सरच घाईघाईने म्हणाले, "फळांचा बिझनेस आहे त्यांचा." लेकीने मान खाली घातली. पोरीचा मला राग आला नाही, त्या माणसाचा आला. एवढ्याशा लेकराला आईची लाज धरायला शिकवायचं, आणि वर बक्षीस द्यायचं!

कार्यक्रम संपल्यावर मी कुणाशी न बोलता वळणावर गेले. लेक मागून धावत आली. तिने बक्षिसाचा कप पपयांच्या मधोमध ठेवला आणि गाडी लोटायला लागली. घराकडे नाही, उलट्या बाजूला.

"कोठे चालनी वं?" मी विचारलं. ती गाडी लोटतच राहिली.

फाटकात सर पाहुण्यांना निरोप देत उभे होते. तिथेच, पाहुण्यांच्या मोटारीसमोर, तिने गाडी थांबवली. आणि आरोळी ठोकली, पहिल्यासारखी, रस्त्यापलीकडे जाईल अशी.

"ल्या हो ल्या! मन्ही मायन्या गोड पपया ल्या!"

मी सुरी घेतली आणि सरांच्या पाहुण्यांसाठी चांगली पिकलेली पपई कापायला लागले.