आईची गोंडी

आमच्या घरात गोंडी ऐकू यायची ती मावशी आली की. आई आणि ती घरामागच्या सांदवाडीत बसून हळू आवाजात बोलायच्या. मी जवळ गेले की दोघी लगेच मराठीवर यायच्या.

"काय बोलून राहिल्या?"

"काई नाई. जाय, खेळ," आई म्हणायची.

आई तीनच दिवस शाळेत गेली, हे मला मावशीनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं गोंडीत पाणी मागितलं. गुरुजींनी तिला दुपारभर उन्हात उभं केलं आणि पोरांना हसायला लावलं. भीतीनं तिथंच तिचे कपडे ओले झाले. आम्हा भावंडांना तिनं गोंडीचा एक शब्दही शिकवला नाही. मावशी वारली, आणि घरातली गोंडी बंद झाली.

१९८० नंतर मी लाखांदूरजवळ शिक्षिका झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई राहायला आली, तेव्हा मी वही घेऊन तिच्यापुढं बसले.

"आई, मले गोंडी शिकव."

"आता कायले? मास्तरीण झाली ना तू?"

मी हटले नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "येर. म्हंजे पाणी." इतकं हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. माझी पाच वर्षांची मुलगी मात्र 'येर, येर' करत घरभर नाचली.

दोन दिवसांनी आमचे हेडमास्तर बायकोला घेऊन आले. मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. "येर घ्या," ती म्हणाली. माझा हात तिच्या तोंडावर कधी गेला, मला कळलंही नाही.

"पाणी म्हण!"

आई दारातच उभी होती.

पाहुणे गेल्यावर मी वही काढली. आई रागावली नव्हती. "राहू दे वं," ती म्हणाली. "पोरीले तरी सुखानं राहू दे." मी विनवण्या केल्या, रडले. तिनं पुढचा शब्द सांगितला नाही. मुलीनंही तो शब्द पुन्हा काढला नाही.

आई वारली तेव्हा तिच्या माहेरचे दोन म्हातारे आले. एकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून गोंडीत बरंच काही सांगितलं. आईबद्दल असावं.

"मले समजत नाई," मी म्हणाले.

त्यानं हात काढून घेतला. "इले येत नाई," तो दुसऱ्याला म्हणाला. मग मराठीतच मला विचारलं, "जेवली का, बाई?"