रिकामे रकाने

रुग्णालयाच्या तळघरात, धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून त्याची खोली होती. सगळे त्याला टापटीपराव म्हणायचे. ते चिडवणं आहे हे त्याला कधी कळलंच नाही, कौतुक समजून तो खूश व्हायचा. घरी बायको चहा अर्धा ठेवून दार उघडायला गेली, की परत येईपर्यंत कप धुऊन पालथा घातलेला.

"अहो, पीत होते मी!"

"मला वाटलं, झालं."

अर्धवट, मोकळं, उगाच जागा अडवून बसलेलं काहीही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. असा माणूस घरात असला की घर लखलखीत राहतं आणि घरातली माणसं जीव मुठीत धरून चहा पितात.

रुग्णालयाची वेबसाइट तो सांभाळायचा. घरी सोडलेल्या प्रत्येक पेशंटचं तिथे एक पान असायचं. कोणती गोळी कधी घ्यायची, काय खायचं, पुन्हा कधी दाखवायला यायचं, सगळं त्यावर. वॉर्डातल्या सिस्टर मजकूर भरायच्या, यंत्रणा त्याचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, करायची आणि नातेवाइकांच्या फोनवर ते पान उघडायचं. मजकुराचं पान होताना कुठे कोणता टॅग, म्हणजे परिच्छेदाच्या वा रकान्याच्या सुरुवाती-शेवटाची खूण, लागावा, काय ठेवावं, काय वगळावं, याचे नियम टापटीपराव लिहायचा.

सिस्टर लिहिताना एंटर दाबत सुटायच्या. मग पानभर रिकामे परिच्छेद, मध्येच मोठमोठी भगदाडं. त्याने सांगून पाहिलं.

"एक दिवस वॉर्डात उभे राहा, मग एंटरचं बोला," मुख्य सिस्टरांनी त्याला उभ्या उभ्या झटकून टाकलं.

शेवटी त्याने नियमच लिहिला. ज्या टॅगच्या पोटात काही नाही, तो पान तयार होतानाच गाळून टाकायचा. काही पानांवरचा आहाराचा भाग उघडून पाहिला, सूचनांचा पाहिला, भगदाडं गायब. मजकूर कसा नीट एकाखाली एक बसला होता. काल दुपारी त्याने नियम सगळ्या पानांना लावला, स्वतःच स्वतःची पाठ थोपटली आणि वेळेवर घरी गेला.

आज सकाळी मुख्य सिस्टरांनी त्याला वर बोलावलं. आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, आणि त्यानेच तो धास्तावला.

"ही गोळी मी रात्रीच्या रकान्यात भरली होती," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे सकाळी कशी आली?"

त्याने वाकून पाहिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने. गोळी फक्त रात्रीची, म्हणून आधीचे तीन रिकामे. त्याच्या नियमाने ते तीन रिकामे म्हणून उचलून फेकले होते आणि रात्रीची गोळी सरकत सरकत सकाळखाली येऊन बसली होती. ओळीच्या शेवटी उरलेली जागा इतकी साळसूद दिसत होती, की कुणाला शंकाही येऊ नये. आणि गोळ्यांचा भाग त्याने एकाही पानावर पाहिला नव्हता.

त्याने तिथल्या तिथे नियम काढला, सगळी पानं पुन्हा तयार केली. पडद्यावरचं दुरुस्त झालं. पण जी पानं काल दुपारपासून लोकांनी पाहिली, छापून घेतली, फ्रिजवर चिकटवली, त्यांचं काय? सिस्टरांनी एक फोन घेतला, त्याने दुसरा. "मी रुग्णालयातून बोलतोय, आज कोणती गोळी दिलीत?" पलीकडे कुणी घाबरायचं, कुणी म्हणायचं अजून झोपलेत, उठले की देऊ. तेवढ्यापुरता त्याच्या जिवात जीव यायचा.

मध्येच सिस्टर थांबल्या. "अहो, तुमचे वडीलही कालच घरी गेले ना?"

त्याला खरंच आठवलं नव्हतं. बाबांना रक्त पातळ करायची गोळी होती, रोज रात्री एक. काल रात्रीची वॉर्डातच देऊन मग सोडलं होतं; आज सकाळी पुन्हा दिली, तर बारा तासांत दोन. बाबा ताईकडे उतरले होते.

ताईचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बाबा न्हाणीघरात घसरले तर? डोक्याला लागलं तर? ते रक्त थांबेल का? नको ते विचार एकामागून एक येत होते, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांना फोन करून तो शांत आवाजात विचारत होता, "गोळी दिलीत का?"

अखेर ताईने उचलला. "अरे, कपडे वाळत घालत होते. काय झालं?"

"बाबांना सकाळची गोळी दिलीस?"

"केव्हाच दिली. नाश्त्याबरोबर."

सिस्टरांनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि बाबांना लगेच घेऊन या म्हणून सांगितलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस नजरेखाली ठेवू, पडू देऊ नका. बाबा पलंगावर बसून, घर ते रुग्णालय रस्ता पाठ झाला म्हणून हसत होते. टापटीपराव त्यांच्या हिरड्या, त्यांचे हात, नखंसुद्धा न्याहाळत होता, कुठे लाल दिसतंय का म्हणून.

बाहेर ताई बाकावर बसली होती. तिने ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"डॉक्टरांनी रात्रीची सांगितली होती," ती हळूच म्हणाली. "माझ्या लक्षात होतं. पण पानावर सकाळ दिसली. म्हटलं, पान तुझं आहे. माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल."



दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. बाकीच्या पेशंटांमध्येही कुणाला काही झालं नव्हतं. मुख्य सिस्टरांनी बाबांचं पान ताईच्या फोनवर पाठवलं. टापटीपरावाने ते आधी स्वतः उघडून पाहिलं होतं, पुन्हा पाहिलं होतं, सगळे रिकामे रकाने आपापल्या जागी होते.

"पान आलंय बघ, ताई," तो म्हणाला.

"हो, आलंय." तिने फोन तसाच पिशवीत टाकला आणि सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, तुम्ही तोंडानेच सांगा ना. मी लिहून घेते."

सिस्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. ताई गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहीत होती. तो बाबांची चप्पल हातात घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.